पाच टक्के निधी आणि मार्चअखेर

मार्चचा शेवटचा आठवडा आला की महाराष्ट्रातल्या अनेक ग्रामपंचायतींना दिव्यांगांची आठवण होते. कार्यालयासमोर मांडव पडतो, सरपंचांच्या हस्ते धनादेश दिले जातात, छायाचित्र निघते आणि वर्षाचा खर्च कागदोपत्री मार्गी लागतो.

घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे अशा स्व-उत्पन्नातील ५ टक्के रक्कम गावातील दिव्यांगांसाठी खर्च करणे ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आल्यानंतर ते वाढले. त्याच कायद्याने दिव्यांगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ वर नेले. २०११ च्या जनगणनेत राज्यात २९ लाखांहून अधिक दिव्यांगांची नोंद झाली होती, ती ही यादी वाढण्यापूर्वीची.

तरतूद आहे, अडचण आहे ती वाटपाच्या रीतीत. समजा, एखाद्या गावाचे स्व-उत्पन्न ४ लाख रुपये आहे. त्याचे ५ टक्के म्हणजे २० हजार. यादीत २५ नावे असतील, तर प्रत्येकाच्या हाती ८०० रुपये पडतात. एका पायाने अधू असूनही स्वतःचे किराणा दुकान उत्तम चालवणाऱ्या गृहस्थांना ८००, आणि सेरेब्रल पाल्सीमुळे अंथरुणाला खिळलेल्या मुलीच्या आईलाही ८००. त्या मुलीच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी लागते, डायपर लागतात आणि आईला मजुरीवर जाता यावे म्हणून दिवसाचे चार तास कोणालातरी मुलीजवळ थांबावे लागते. यातले काहीच धनादेशावर लिहिलेले नसते. समान वाटपाचा मोह समजण्यासारखा आहे, कारण त्यात गावातून तक्रार येत नाही आणि लेखापरीक्षकालाही पावत्या सरळ दिसतात.

या निधीशिवाय दिव्यांगांना दरमहा आर्थिक मदत देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेची गाठ तहसील कार्यालयाशी असते, पण तिथला त्रासही गावातच भोगावा लागतो. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो, आणि आयुष्यभर कष्ट करून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र घेतेच असे नाही.

केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे दीर्घ आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या देखभालीचे, धोरण स्वीकारले आणि घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करण्याचे काम स्थानिक संस्थांच्या कक्षेत आणले. तिथली परिचारिका पंचायतीच्या खर्चाने रुग्णाच्या घरी जाते. आपल्याकडे अगदी तेवढे लगेच जमणार नाही, हे मान्य केले तरी पहिली पायरी अवघड नाही. आशाताई आणि अंगणवाडी सेविका गावातले प्रत्येक घर ओळखतात. त्यांना योग्य मानधन देऊन (फुकटात आणखी एक काम गळ्यात बांधून नव्हे) प्रत्येक दिव्यांगाच्या घरी पाठवावे, कोणाला काय लागते ते नोंदवहीत उतरवावे आणि ती नोंद खर्चाचा आराखडा ठरण्यापूर्वी ग्रामसभेपुढे यावी. कोणाचा आजार चारचौघांत वाचून दाखवण्याची गरज नाही. गरजांची यादी पुरेशी आहे.

लहान गावांचा प्रश्न मात्र यानेही सुटत नाही, कारण त्यांचे उत्पन्नच तुटपुंजे असते. जिल्हा परिषदेलाही स्वतःच्या उत्पन्नातून असाच ५ टक्के निधी खर्च करावा लागतो. एकट्या ग्रामपंचायतीला न पेलणारी चाकाची खुर्ची, फिजिओथेरपी किंवा दिवसभराची देखभाल त्या निधीतून आधी भागवता येईल. त्यासाठी गावाची नोंदवही मार्चऐवजी अर्थसंकल्पाची आखणी सुरू होण्याआधीच जिल्ह्याला पोहोचली पाहिजे.