पेट्रोलची पट्टी आणि पोलादी पडदा
(एका व्याख्यानमालेतलं भाषण, थोडी काटछाट करून.)

नमस्कार. पत्रिकेवर माझ्या भाषणाचं नाव ‘पोलादी पडद्याआडच्या मोटारी आणि ट्रक : अभियांत्रिकी व अर्थकारण’ असं छापलंय. पोलादी पडद्याआडच्या, म्हणजे रशियाच्या गोटातल्या साम्यवादी देशांतल्या. नाव मीच दिलं होतं, तीन महिन्यांपूर्वी, फोनवर, घाईत. अर्थकारणावर येतो. ट्रकवरही येतो. त्याआधी ही एक वस्तू पहिल्या रांगेत देतो, बघून पुढे सरकवा. काळी प्लॅस्टिकची पट्टी आहे, तिच्यावर लिटरचे आकडे आहेत. वास घेऊन बघितलात तरी चालेल.

ही पट्टी म्हणजे ट्रॅबंट नावाच्या मोटारीचा पेट्रोलचा काटा. विनोद करत नाहीये. पूर्व जर्मनीतल्या या गाडीच्या जुन्या 601 मॉडेलला डॅशबोर्डवर पेट्रोलचा काटाच नव्हता. बॉनेट उघडायचं, टाकीचं झाकण काढायचं, पट्टी बुडवायची, वर काढायची आणि ओली खूण बघायची. आपल्याकडे विहिरीचं पाणी बघतात तसंच. टाकी बॉनेटखाली, इंजिनाच्या वरच्या अंगाला. म्हणजे पेट्रोल खेचणाऱ्या पंपाची गरज नाही, पेट्रोल आपोआप खाली उतरतं. समोरून धडक बसली तर काय, हा प्रश्न तुमच्या चेहऱ्यावर दिसतोय. ती गाडी चालवणाऱ्यांच्याही चेहऱ्यावर असायचा.

आता हात वर करा. पेट्रोल पंपावर ‘ऑइल किती टाकू?’ हा प्रश्न किती जणांनी ऐकलाय? (बरेच हात वर. हशा.) वा. म्हणजे मला टू-स्ट्रोक समजावून सांगायला नको. मागे बसलेल्या मुलांनी शेजारच्या काकांना विचारावं, काका आनंदाने सांगतील, थांबवायला मात्र तुम्हालाच लागेल. ट्रॅबंट म्हणजे स्कूटरच्याच जातीचं, टू-स्ट्रोक इंजिन घातलेली मोटार. दोन सिलिंडर, 594 सीसी, हवेने थंड होणारं, ताकद 26 अश्वशक्ती. रेडिएटर नाही, व्हॉल्व्ह नाहीत, इंजिन ऑइल बदलणं नाही, कारण ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. दोन धडधाकट माणसं अख्खं इंजिन उचलून बाहेर ठेवतात.

आणि वाट पाहणं? तेही आपल्याला शिकवायला नको. माझ्या वडिलांनी 1972 साली स्कूटर नोंदवली आणि ती 1980 साली आली. त्या आठ वर्षांत माझी मुंज झाली, धाकट्या आत्याचं लग्न झालं आणि आजोबा गेले. नंबर लागल्यावर विक्रेता म्हणाला, रंग पोपटी आहे, नको असेल तर पुढच्या नंबरवाल्याला देतो. वडील आयुष्यभर पांढरा शर्ट सोडून दुसरं काही न घातलेले गृहस्थ. त्या पोपटी स्कूटरवरून ते चौदा वर्षं कचेरीत गेले. गाडी घरी आली त्याच संध्याकाळी समोरच्या वाड्यातले एक जण ऑन, म्हणजे किमतीवर जादा पैसे, देऊन ती मागायला आले. वडिलांनी त्यांना चहा दिला, गाडी दिली नाही. नात्यातलं कुणी परदेशात असेल आणि डॉलर पाठवत असेल तर त्याला वेगळ्या कोट्यातून गाडी लवकर मिळायची. आमच्या नात्यात परदेशात कुणी नव्हतं, फार तर बेळगावात होते.

हे सगळं, ऑनसकट आणि डॉलरसकट, पूर्व जर्मनीत होतं. दहा-दहा, तेरा-तेरा वर्षं थांबायचे लोक. जुनी ट्रॅबंट नव्या ट्रॅबंटपेक्षा महाग, कारण जुनी आज मिळते. पश्चिम जर्मनीतल्या नातेवाइकाने तिकडच्या मार्कांत पैसे भरले तर गेनेक्स नावाच्या सरकारी कंपनीमार्फत गाडी लवकर दाराशी. समाजवाद असो नाहीतर परवाना राज, मामा तिकडे असला की काम होतं. तो जुना विनोद मी सांगणार नाही, ‘दहा वर्षांनी गाडी न्यायला सकाळी येऊ की दुपारी, कारण सकाळी प्लंबर येणार आहे.’ सांगितलाच. अमेरिकेचे अध्यक्ष रेगनसाहेबही सांगायचे. त्यापेक्षा छोटा ऐका: ट्रॅबंटची किंमत दुप्पट कशी करायची? टाकी फुल करायची.

माझं वेड सुरू झालं त्याची हकीकत आता सांगतो, मग विषयाला हात घालतो. माझा भाचा नोकरीसाठी केम्निट्सला असतो. 1953 ते 1990 या शहराचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. माझी बायको ड्रेस्डेनचा राजवाडा बघायला आली होती, मी त्स्विकाऊचा ट्रॅबंटचा कारखाना. घटस्फोट झाला नाही एवढंच. त्स्विकाऊला आउगुस्ट होर्खच्या नावाचं मोटारींचं संग्रहालय आहे. हा होर्ख स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडला, आणि 1909 मध्ये त्याने नवी कंपनी काढली तेव्हा स्वतःचंच आडनाव वापरता येईना. ‘होर्ख’ म्हणजे जर्मनमध्ये ‘ऐक’. त्याचं लॅटिन केलं, ‘आउडी’. म्हणजे ऑडी आणि ट्रॅबंट एकाच गावच्या. ऑडीवाल्यांना हे मुद्दाम सांगा.

तिथे भाच्याच्या ओळखीचे एक आजोबा भेटले. पंचाहत्तरी ओलांडलेले, निवृत्त शिक्षक. गाडी 601, रंग फिकट निळा. म्हणाले, चला, चक्कर मारू. मी पुढे, भाचा आणि ही मागे गुडघे पोटाशी घेऊन. गिअरचा दांडा जमिनीतून नाही, डॅशमधून बाहेर आलेला, जुनी छत्री खोचून ठेवावी तसा. सुरू झाल्यावर जो निळा धूर आणि तो आवाज, रिंग-डिंग-डिंग! माझ्या डोळ्यांपुढे आमचा वाडा उभा राहिला.

चूक पुढे झाली आणि ती सर्वस्वी माझी. पायांपाशी, डॅशखाली, एक छोटी मूठ दिसली. बंद, चालू, रिझर्व्ह. पेट्रोलचा कॉक! अहो, स्कूटरच्या सीटखालचा कॉक, तो मोटारीत! मला राहवेना. हात लावला. जरासा फिरवून पाहिला. परत जागेवर आणला, असं मला वाटलं.

कॉक बंद झाला की गाडी लगेच थांबत नाही. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालते. चढावर गेलो, आणि गाडीने दोन आचके देऊन प्राण सोडला. मागे एक मोठी लॉरी. आजोबांना घाई नाही, राग नाही. गाडी कडेला घेतली, डिकीतून पत्र्याचा डबा काढला. त्यात दोन जादा प्लग, प्लॅटिनमचे पॉइंट, वायरचा गुंडाळा, पट्टा, पॉलिश पेपर. दोन्ही प्लग काढून मला दाखवले. कोरडे ठणठणीत. मान हलवली. मग ही पट्टी टाकीत बुडवली. पेट्रोल भरपूर. पट्टी पुसत पुसत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वाकून कॉककडे पाहिलं. मग परत माझ्याकडे. जर्मनमध्ये एक वाक्य बोलले. भाचा म्हणाला, मामा, हे भाषांतर मी करणार नाही.

(हशा.) मी त्यांना हातवारे करून सांगितलं, आमच्याकडेही होतं, स्कूटर, पेट्रोल, ऑइल. त्यांनी पाच बोटं दाखवली आणि मूठ मिटून शून्य केलं. पन्नास! एकास पन्नास, ऑइल एक भाग, पेट्रोल पन्नास! मी म्हटलं, लिटरला वीस मिली! झालं. त्यानंतर अर्धा तास आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे होतो, भाच्याची गरज पडली नाही. मी त्यांना अभिनय करून दाखवलं, सुरू होत नसली की स्कूटर आडवी करून पुन्हा सरळ करायची आणि किक मारायची. ते इतके हसले की ठसका लागला. निघताना त्यांनी ही पट्टी मला दिली. मी नको नको म्हणत होतो. त्यांच्याकडे तीन होत्या. टंचाईत वाढलेला माणूस कुठलीच वस्तू एक घेत नाही. आमच्या आईच्या फडताळात स्टोव्हच्या पिना अजून आहेत, स्टोव्ह जाऊन तीस वर्षं झाली.

आणि इथे माझा मुद्दा आहे. या गाड्यांवर जीव टाकणाऱ्यांना लोक म्हणतात, तुम्हाला ते राज्य परत हवंय. भिंत ओलांडताना माणसं मारणारं राज्य कुणाला हवंय? त्या आजोबांना तर मुळीच नको होतं. त्यांना ती गाडी आवडते, कारण ती त्यांना उघडता येते. गॅरेजचा नंबर लागत नाही, सुटा भाग मिळत नाही, म्हणून शिक्षकाला मिस्त्री व्हावं लागलं. ती सक्ती वाईटच होती. पण सक्ती गेली आणि हातातलं कसब राहिलं. 1990 नंतर लोकांनी ट्रॅबंट रस्त्यावर बेवारस सोडल्या, आणि आज जर्मनीत तीसहून जास्त वर्षं जुन्या गाडीला नंबराच्या शेवटी एच अक्षर मिळतं, ते लावून त्या मिरवतायत.

मघाशी चहाच्या वेळी एक गृहस्थ म्हणाले, मग आमची अँबॅसेडर काय, समाजवादीच की. गुणाने अगदी! पण कुळ मॉरिसचं, इंग्लिश. खरं नातं दुसरीकडे आहे. रशियाची लाडा इटलीच्या फियाट 124 वरून 1970 पासून तोल्यात्तीत बनू लागली. आणि आपल्या कुर्ल्याची प्रीमियर 118 एनई? तीही त्याच 124 च्या कुळातली. म्हणजे लाडाची चुलत बहीण कुर्ल्याची. राजदूत 175 पोलंडच्या एसएचएल या फटफटीवरून आलेली. येझदी चेक जावाची. दुधाचे कॅन लावून राजदूत फिरवणाऱ्या आपल्या गवळ्याला ठाऊक नव्हतं की तो वॉर्सा कराराच्या, म्हणजे रशियाच्या लष्करी गोटाच्या, यंत्रावर बसलाय.

चिठ्ठी आलीये. ‘दहा मिनिटे.’ अरे बापरे. अर्थकारण.

तर गाडी अशी का होती? ट्रॅबंट 1957 ची, रशियाच्या स्पुटनिक उपग्रहाच्या वर्षाची. नावाचा अर्थच सोबती, उपग्रह. त्या वेळी ती मागासलेली नव्हती. आडवं बसवलेलं इंजिन, पुढच्या चाकांना ताकद, हे तेव्हा नवं होतं, युद्धाआधीच्या डीकेडब्ल्यू या जर्मन मोटार कंपनीकडून आलेलं. पत्रा मिळेना, म्हणून बाहेरचं अंग ड्युरोप्लास्टचं. रशियाहून आलेला टाकाऊ कापूस आणि फिनॉलची राळ, साच्यात तापवून दाबायची. पुठ्ठ्याची गाडी म्हणतात ते चूक. गंजत नाही, आतला सांगाडा मात्र पोलादी आणि तो गंजतो. पत्र्याचा भाग प्रेसमध्ये काही सेकंदांत निघतो, याला मिनिटं लागतात. रांग लांबण्याचं हेही एक कारण. 601 आली 1964 ला आणि मग घड्याळ थांबलं. इंजिनिअर गप्प बसले नव्हते. पी 603 हे नवं मॉडेल तयार होत होतं, 1968 ला वरून हुकूम आला, बंद. स्कोडाबरोबरची पी 610, 1979 ला बंद. हंगेरीचे अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नाई यांनी टंचाईवरच सगळा सिद्धान्त उभारला, तो थोडक्यात असा: गिऱ्हाईक तेरा वर्षं उभं असेल तर माल सुधारायचा कुणासाठी? शेवटी 1990 मध्ये फोक्सवॅगनचं चार स्ट्रोकचं इंजिन बसवलं, तेव्हा गिऱ्हाईकच पळालं. 30 एप्रिल 1991 ला शेवटची गाडी निघाली, गुलाबी रंगाची. एकूण 30 लाखांवर.

ट्रक. पाच मिनिटं? तीन? बरं. रशियाचा झिल सोडतो, लुडविग्सफेल्डचा डब्ल्यू 50 सोडतो, त्याच्यावर माझ्याकडे चाळीस स्लाइड आहेत. फक्त टाट्रा. चेकोस्लोव्हाकियातला कोप्रिव्निट्सेचा कारखाना, डिझाइन हान्स लेडविंकांचं, 1920 च्या दशकातलं. एरवी ट्रकला दोन लांब गर्डर असतात शिडीसारखे. टाट्राला मधोमध एक जाडजूड नळी, पाठीच्या कण्यासारखी. चाकं फिरवणारा शाफ्ट त्या नळीच्या पोटातून जातो, आणि दोन्ही बाजूंना बरगड्यांसारखे अर्धे आस, प्रत्येक चाक स्वतंत्र वरखाली. हे बघा, असं. (हात पसरून दाखवतात.) चिखल, खड्डा, दगड, चाक जमीन सोडत नाही. इंजिन हवेने थंड होणारं, त्यामुळे सैबेरियात पाणी गोठत नाही आणि वाळवंटात उकळत नाही. चेक चालक कारेल लोप्राइस टाट्रा घेऊन वाळवंटातली डाकार शर्यत ट्रकच्या गटात सहा वेळा जिंकला.

1986 पासून बीईएमएल या आपल्या सरकारी कंपनीने टाट्रा ट्रक आपल्या लष्करासाठी बनवले. पुण्यात पाषाणला विकसित झालेली पिनाक रॉकेटं प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ज्यावर मिरवतात तो ट्रक टाट्रा. सगळे वर रॉकेटांकडे बघतात. पुढच्या वेळी टीव्हीवर खाली चाकांकडे बघा. रिकामा टाट्रा कुठे दिसलाच, तर त्याची चाकं खालच्या बाजूने किंचित आत आलेली दिसतील. ओझं चढलं की सरळ होतात.

हो, हो, थांबतो. पुढच्या वक्त्या बाहेर येऊन उभ्या आहेत, त्यांची माफी मागतो. फक्त माझी ती पट्टी? कुठवर गेली? सहाव्या रांगेत… काका, तुम्ही डोळे मिटून वास घेताय. येतोय ना अजून?