निवडून आले, पण सिनेटर झाले नाहीत: अल्बर्टाची गोष्ट

18 ऑक्टोबर 2021, सोमवार. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातलं कॅलगरी शहर. आज लोकांच्या हातात एक नाही, बरेच बॅलट पडणार आहेत. महापौर निवडायचाय, वॉर्डचा नगरसेवक निवडायचाय, शाळा बोर्डाचा मेंबर निवडायचाय, शहराच्या पाण्यात फ्लोराइड घालायचं का ते सांगायचंय, वर्षातून दोनदा घड्याळ मागेपुढे करायचं बंद करून कायम उन्हाळी वेळ ठेवायची का ते सांगायचंय, केंद्राच्या तिजोरीतून मागे पडलेल्या प्रांतांना जो पैसा वाटला जातो त्याचं कलम घटनेतून काढायचं का तेही सांगायचंय, आणि हे सगळं उरकलं की अजून एक बॅलट, त्यावर 13 नावं, त्यातल्या जास्तीत जास्त तिघांपुढे खूण करायची.

ही 13 माणसं देशाच्या सिनेटसाठी, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहासाठी उभी आहेत.

त्या दिवशी कॅलगरीला ज्योती गोंडेक महापौर झाल्या, अल्बर्टाची राजधानी एडमंटनला अमरजीत सोही झाले, दोघंही पंजाबी घरातले, सोहींचा तर जन्मच पंजाबमधला, त्यामुळे आपल्यातल्या बऱ्याच जणांना त्या दिवसातलं तेवढंच आठवत असेल. पण आपण बोलणार आहोत ते त्या शेवटच्या बॅलटबद्दल. कारण त्यावर जिंकणारा माणूस सिनेटर होत नाही. म्हणजे होईलच असं नाही. मतं मोजली जातात, निकाल लागतो, प्रांताचं सरकार ती नावं देशाच्या राजधानीला, ओटावाला कळवतं, आणि पुढचं सगळं एका माणसाच्या मर्जीवर.

कॅनडाच्या सिनेटमध्ये 105 जागा आहेत आणि एकाही जागेसाठी घटनेत मतदान नाही. आपल्या राज्यसभेत निदान आमदार मत देतात, महाराष्ट्राचे 19 खासदार असेच जातात, तिथे तेही नाही. पंतप्रधान नाव सुचवणार, राजघराण्याचा प्रतिनिधी गव्हर्नर जनरल सही करणार, झाला सिनेटर, आणि वयाच्या 75 पर्यंत त्याला सहसा कुणी हलवू शकत नाही. 1965 च्या आधी तर आयुष्यभरासाठी होतं. वय कमीत कमी 30 पाहिजे आणि नावावर 4,000 डॉलरची मालमत्ता पाहिजे, ही अट 1867 ची आहे.

आता कॅनडाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा, कारण खरं दुखणं इथे आहे. इकडे पूर्वेला प्रिन्स एडवर्ड आयलंड, 2021 च्या जनगणनेत लोकसंख्या दीड लाखाच्या थोडी वर, सिनेटमध्ये 4 जागा. न्यू ब्रन्सविक, पावणेआठ लाख, 10 जागा. आणि इकडे पश्चिमेला अल्बर्टा, 42 लाखांच्या वर लोक, जागा किती तर 6. ब्रिटिश कोलंबियाला 50 लाख लोकांमागे तेवढ्याच 6. जागांचं हे वाटप 1915 मध्ये ठरलं, तेव्हा पश्चिमेचे प्रांत नवीन होते, अल्बर्टा प्रांत होऊन तर दहाच वर्षं झाली होती. माणसं वाढत गेली, तेल निघालं, शहरं उभी राहिली, पण जागा तेवढ्याच.

आणि 1980 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान पिएर ट्रूडो यांच्या सरकारने नॅशनल एनर्जी प्रोग्राम आणला. तेल अल्बर्टाचं, आणि त्याचा भाव काय, त्यातला वाटा कुणाला किती, हे ओटावात ठरणार. अल्बर्टात लोक भयंकर चिडले, तो राग आजही गेलेला नाही. आपलं ऐकणारं तिथे कुणीच नाही ही भावना घराघरात बसली आणि त्यातून मागणी आली, सिनेट बदला. प्रत्येक प्रांताला सारख्या जागा द्या, सिनेटर लोकांनी निवडलेला असू द्या, आणि त्याच्या हातात खरी ताकद असू द्या. इक्वल, इलेक्टेड, इफेक्टिव्ह, या तीन मागण्यांना मिळून ट्रिपल ई म्हणायचे.

इथे बर्ट ब्राउन या माणसाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कॅलगरीजवळचा शेतकरी. 1984 मध्ये त्याने ट्रॅक्टर घेतला आणि बार्लीच्या उभ्या शेतात अक्षरं नांगरली, आकाशातून वाचता येतील एवढी मोठी: ट्रिपल ई सिनेट पाहिजे, नाहीतर बघा. पुढची कित्येक वर्षं हा माणूस हेच एक काम घेऊन फिरला, नेत्यांना भेटला, निवडणुका लढला. मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त आदर या माणसाबद्दल वाटतो.

1989 ला अल्बर्टाचे प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, डॉन गेटींनी अशा मतदानासाठी प्रांताचा कायदाच केला आणि 16 ऑक्टोबरला कॅनडातली पहिली सिनेट इलेक्शन झाली. बर्ट ब्राउन उभे होते पण हरले, जिंकले रिफॉर्म पार्टीचे स्टॅन वॉटर्स, दुसऱ्या महायुद्धात लढलेले, लष्करातून लेफ्टनंट जनरल म्हणून रिटायर झालेले, अडीच लाखांच्या वर मतं मिळाली. आता गंमत बघा, तेव्हाचे पंतप्रधान ब्रायन मलरोनी यांना क्विबेकला घटनेत सामावून घेणारा मीच लेक करार पास करायचा होता, त्यासाठी सगळ्या प्रीमियर लोकांची साथ पाहिजे होती, आणि त्याच करारात म्हटलं होतं की सिनेट बदलेपर्यंत तिच्या रिकाम्या जागा प्रांतांनी दिलेल्या नावांतून भरायच्या. गेटींनी एकच नाव दिलं, वॉटर्स. मलरोनींनी कितीतरी महिने टाळलं. शेवटी 11 जून 1990 ला, कराराची मुदत संपायला दोन आठवडेही उरले नव्हते तेव्हा, वॉटर्स सिनेटर झाले. करार पुढे फसला तो फसलाच. आणि वॉटर्सना जेमतेम सव्वा वर्ष मिळालं, सप्टेंबर 1991 मध्ये कॅन्सरने ते गेले.

पुढे लिबरल पंतप्रधान आले आणि दार बंद झालं. 1998 ला परत मतदान, बर्ट ब्राउन आणि टेड मॉर्टन जिंकले, जाँ क्रेटियन यांनी लक्षच दिलं नाही. 2004 ला चार जण जिंकले, त्यात परत ब्राउन, आणि 2005 मध्ये पॉल मार्टिन यांनी अल्बर्टाच्या तीन जागा भरल्या त्या तिघांपैकी एकही या यादीतला नव्हता. मग कंझर्व्हेटिव्ह स्टीफन हार्पर आले आणि 2007 मध्ये ब्राउन सिनेटर झाले. शेतात अक्षरं नांगरल्यापासून 23 वर्षांनी! 2004 ला जिंकलेल्या बेटी उंगर यांना तर 2012 उजाडलं. 2012 च्या मतदानातले डग ब्लॅक आणि स्कॉट टॅनस 2013 मध्ये गेले.

म्हणजे 1989 पासून पाच वेळा मतदान, 12 वेगवेगळी माणसं जिंकली, सिनेटमध्ये पोचले 5, आणि पाचहीजणांना नेमणारा पंतप्रधान कंझर्व्हेटिव्ह.

दुसरी बाजूही ऐकण्यासारखी आहे. एकदा जिंकलेला सिनेटर 75 पर्यंत बसणार, त्याला परत कधी लोकांसमोर यायचंच नाही, मग ही कसली निवडणूक? आणि जागांचं वाटप तसंच ठेवून सिनेटला लोकांच्या मतांचं बळ दिलं तर छोट्या पूर्वेकडच्या प्रांतांचं वजन अजून वाढेल आणि अल्बर्टाचंच नुकसान होईल, हा मुद्दा मला अगदी बरोबर वाटतो. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असं मतदान देशभर लावायचं तर घटना बदला, त्यासाठी किमान 7 प्रांत पाहिजेत ज्यांच्यात देशाची निम्मी लोकसंख्या असेल, आणि सिनेट बंदच करायची तर सगळ्याच प्रांतांची संमती पाहिजे. हार्परनी तिथेच हात टेकले. 2016 पासून जस्टिन ट्रूडोंनी वेगळी पद्धत आणली, लोकांनी अर्ज करायचा, सल्लागार मंडळाने नावं काढायची, पंतप्रधानांनी निवडायचं. त्याच वर्षाच्या शेवटी अल्बर्टाचा कायदाही संपला, तिथे तेव्हा एनडीपी या डावीकडे झुकलेल्या पक्षाचं सरकार होतं. 2019 ला नवे प्रीमियर जेसन केनी यांनी तो परत आणला.

तर 2021 च्या त्या सोमवारी पॅम डेव्हिडसन, एरिका बरूट्स आणि मिखाइलो मार्टिन्यूक हे तिघं जिंकले. पण मतदानाला तीन महिनेही उरले नव्हते तेव्हाच ट्रूडोंनी अल्बर्टातल्या बॅन्फ गावाच्या तेव्हाच्या महापौर कॅरन सोरेनसन यांना सिनेटर करून एक जागा भरून टाकली होती. उरलेल्या दोन जागा ऑगस्ट 2024 मध्ये भरल्या, डॅरिल फ्रिडहँडलर आणि क्रिस्टोफर वेल्स, दोघांचीही नावं त्या बॅलटवर नव्हती. प्रीमियर डॅनियल स्मिथ यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. नेमलेली माणसं नालायक होती असं मी अजिबात म्हणत नाही, पण लोक रांगेत उभे राहून तीन नावं देतात आणि त्यांच्याकडे बघायचंही नाही हे मला पटत नाही. आणि केनींनी हे मतदान केंद्राशी चाललेल्या भांडणाच्या इतर प्रश्नांबरोबर एकाच दिवशी ठेवलं, त्यामुळे ते एका पक्षाचंच हत्यार वाटलं, हेही तितकंच खरं.

एक गोष्ट मात्र कायद्याने कधीच अडलेली नाही. पंतप्रधानांना वाटलं तर घटनेला हात न लावता त्या यादीतलं नाव ते गव्हर्नर जनरलकडे पाठवू शकतात. मलरोनींनी एकदा पाठवलं, हार्परनी चारदा. क्रेटियन, मार्टिन, जस्टिन ट्रूडो, या तिघांनी एकदाही नाही.