नवा फोन सुरू करताना जुना फोन रीसेट करण्याची घाई करू नका

नमस्कार. गेल्या काही व्हिडिओंचा विषय कोणताही असला, तरी त्यांच्याखाली एक प्रश्न हमखास येतो. नवा फोन घेतला आहे, सिम घातले आहे, आता पुढे काय? आणि त्याच प्रश्नाचे रडवेले रूपही तितक्याच नेमाने येते : नवा फोन सुरू होत नाही, जुना तर रीसेट करून देऊन टाकला, आता काय करू? पहिल्या प्रश्नाचे उत्तर चार वाक्यांत संपते. आजचा बहुतेक वेळ मी दुसऱ्या प्रश्नाला देणार आहे, कारण त्यातला सगळा त्रास केवळ कामांचा क्रम चुकल्यामुळे होतो.

फोन निवडण्याबद्दल आधी थोडक्यात बोलते. रॅम, बॅटरी आणि कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल यांवर बोलणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे ते मी सोडून देते. आपल्या टेलिकॉम कंपनीच्या नेटवर्कवर हा फोन नीट चालेल का, हा प्रश्न मात्र दुकानात फारसे कुणी विचारत नाही, आणि त्याचे उत्तर बँड (म्हणजे फ्रीक्वेन्सीचे पट्टे), लॉक आणि व्होल्टे या तीन गोष्टींवर ठरते.

खोक्यावर फोर-जी किंवा फाइव्ह-जी छापलेले असले, तरी तो फोन कोणकोणत्या फ्रीक्वेन्सीवर चालतो हे त्यावरून कळत नाही. सातशे-आठशे मेगाहर्ट्झच्या आसपासचे सिग्नल दूरवर पोहोचतात आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी आत येतात. ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा फाइव्ह-जीचा बँड वेगवान असतो, पण घराच्या आतल्या खोलीत तो लवकर क्षीण होतो. तुमची कंपनी जो कमी फ्रीक्वेन्सीचा बँड वापरते तोच नेमका फोनमध्ये नसेल, तर गच्चीवर उत्तम आणि स्वयंपाकघरात शून्य, असा अनुभव येतो. ‘ताई, एवढा महागडा फोन आहे, त्यात बँड कशाला तपासायचे?’ असे एका प्रेक्षकांनी विचारले होते. फोनच्या किमतीचा बँडशी संबंध नसतो. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या बँडसह बनवला जातो, आणि मॉडेल क्रमांकातील शेवटचे एखादे अक्षर तेवढे बदललेले असते. तो पूर्ण क्रमांक घेऊन उत्पादकाच्या संकेतस्थळावरील बँडची यादी पाहावी.

लॉकचे सांगायचे, तर एखाद्या कंपनीने हप्त्यांवर किंवा योजनेत दिलेला फोन अनेकदा फक्त तिच्याच सिमवर चालतो. आयफोनमध्ये सेटिंग्जमधील सामान्य, आणि त्यातील माहिती या पानावर कॅरियर लॉक अशी ओळ असते. तिच्यापुढे सिमवर कोणतेही निर्बंध नाहीत असे लिहिलेले असले पाहिजे. अँड्रॉइड फोनवर सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे दुसऱ्या कंपनीचे सिम घालून पाहणे. वापरलेला फोन घेत असाल, तर डायलरवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पडद्यावर येणारा पंधरा अंकी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळखक्रमांक, सेटिंग्जमधला क्रमांक आणि खोक्यावरचा क्रमांक हे तिन्ही जुळलेच पाहिजेत. दोन सिमच्या फोनमध्ये असे दोन क्रमांक दिसतात, त्याने गोंधळून जाऊ नका.

आता व्होल्टे. म्हणजे फोर-जीच्या जाळ्यावरूनच आवाजाचा कॉल जाणे. जुनी जाळी बंद होऊ लागल्यापासून ही सुविधा अत्यावश्यक झाली आहे. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्री-जी बंद केले, आणि ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा व ऑप्टस यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ते बंद करण्यास सुरुवात केली. ‘इंटरनेट झकास चालते, पण कॉल लागत नाही, सिम खराब आहे का?’ अशा ज्या तक्रारी येतात, त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी सिम निर्दोष असते. फोनमध्ये व्होल्टे असते, परंतु त्या कंपनीने त्या मॉडेलला ते खुले केलेले नसते. म्हणून परदेशातून आणलेला किंवा कुणी भेट दिलेला फोन असेल, तर आपल्या कंपनीच्या चालणाऱ्या फोनच्या यादीत तो आहे की नाही, हे आधी पाहावे.

निवड झाली. साधे सिम असेल, तर फोन बंद करून ट्रे काढा, सिमचा कापलेला कोपरा ट्रेच्या कोपऱ्याशी जुळवा, ट्रे आत ढकला, फोन सुरू करा. सिमचा पिन विचारला आणि तो आठवत नसेल, तर अंदाजाने आकडे दाबत बसू नका. सामान्यतः तीन चुकांनंतर फोन पीयूके, म्हणजे सिम पुन्हा उघडण्याचा कंपनीकडचा कोड, मागतो, आणि तोही दहा वेळा चुकला की ते सिम कायमचे निकामी होते. इंटरनेट आले नाही, तर कंपनीने दिलेली एपीएनची, म्हणजे तिच्या इंटरनेटशी फोन जोडणाऱ्या सेटिंगची, नोंद तपासा. एवढे पुरे.

ई-सिमची गोष्ट वेगळी आहे. ई-सिममध्ये हातात घेण्यासारखे काहीच नसते. तुमच्या क्रमांकाची ओळख सर्व्हरवरून फोनमधल्या चिपमध्ये उतरवली जाते. कंपनी जो क्यूआर कोड देते, त्यात त्या सर्व्हरचा पत्ता आणि एक सक्रियकरण कोड असतो. तो उतरवायला इंटरनेट लागते, म्हणून त्या वेळी वाय-फाय हवे. आणि बहुतेक कंपन्यांचा हा कोड एकदाच चालतो. क्यूआर त्याच फोनच्या ई-मेलमध्ये आला आहे, मग तो त्याच फोनच्या कॅमेऱ्याने कसा टिपायचा, हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला आहे की त्यावर वेगळा व्हिडिओ करावा असे वाटू लागले होते. त्याची गरज नाही. दुसऱ्या पडद्यावर तो मेल उघडा, किंवा सर्व्हरचा पत्ता आणि कोड हाताने टाइप करा. तसा पर्याय त्याच पानावर खाली, बारीक अक्षरांत, दिलेला असतो.

आता मुख्य मुद्दा. नव्या फोनवर कॉल, एसएमएस आणि इंटरनेट हे तिन्ही चालू झाल्याची खात्री होईपर्यंत जुना फोन रीसेट करायचा नाही, विकायचा नाही, कुणाला द्यायचाही नाही.

मागच्या वर्षी माझ्या मावशीने नवा फोन घेतला. जुन्या फोनमध्ये ई-सिम होते. नव्यावर व्हिडिओ कॉल लागला, फोटो आले, म्हणून तिने त्याच संध्याकाळी जुना फोन रीसेट केला. रीसेट करताना डाउनलोड केलेली ई-सिमही पुसायची का, असा एक चौकोन येतो. तिने त्यावर खूण केली, कारण तिला वाटले की सगळे स्वच्छ करायचे तर ते तरी कशाला ठेवायचे. दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडल्यावर, नव्या फोनवरचे सारे काही घरच्या वाय-फायवर चालले होते, हे उघड झाले. तिच्या क्रमांकाची ओळख जुन्या फोनमधून पुसली गेली होती आणि नव्यात ती आलेलीच नव्हती. माझ्या फोनवर तिचा कॉल आला तो शेजाऱ्यांच्या क्रमांकावरून. ‘अगं, काल तर तू मला दिसत होतीस, मग आज सिग्नलच्या कांड्या का नाहीत?’ एवढाच तिचा प्रश्न होता. कंपनीने नवा क्यूआर दिला, पण त्यासाठी तिला ओळखपत्र घेऊन स्वतः जावे लागले.

तीच गोष्ट ओटीपीच्या बाजूने पाहा. ई-सिम नव्या फोनवर हलवण्याची विनंती केली, की कंपनी खातरजमेसाठी एसएमएस पाठवते. आणि तो येतो जुन्या फोनवर, कारण क्रमांक अजून तिथेच असतो. बँकेचे ॲप नव्या फोनवर सुरू करताना ओटीपी, ई-मेलच्या खात्यात शिरताना ओटीपी, व्हॉट्सॲपची नोंदणी करताना पुन्हा ओटीपी. त्यात काही देशांत सिम बदलल्यावर फसवणूक टाळण्यासाठी पहिले २४ तास एसएमएस रोखून धरले जातात. म्हणजे नव्या फोनवर कांड्या पूर्ण दिसत असूनही ओटीपी येणार नाही, आणि त्यात काहीही बिघडलेले नसेल. त्या अवधीत जुन्या फोनवरची आधीच उघडलेली खातीच तुमच्या कामी येतात. नव्या घराची किल्ली हाती येण्याआधी जुन्या घराची विहिरीत टाकून देण्याचा हा उद्योग आपण का करतो, हे मला अजून समजलेले नाही.

आणि ज्यांना वाटते की आपले तर साधे सिम आहे, काढले आणि दुसऱ्या फोनमध्ये घातले, त्यांच्यासाठी तिसरी बाजू. तुमचा क्रमांक सुटसुटीतपणे हलेल, पण तुमची खाती त्याबरोबर हलत नाहीत. दोन टप्प्यांच्या पडताळणीचे कोड देणारे ऑथेंटिकेटर ॲप जुन्या फोनमध्ये असते, आणि त्यातील कोड सिममध्ये साठवलेले नसतात. गुगल ऑथेंटिकेटरमध्ये हे कोड खात्यात जपून ठेवण्याची सोय २०२३ मध्ये आली. ज्यांनी ती चालू केलेली नाही, त्यांचे कोड आजही फक्त त्या एका फोनमध्येच असतात. व्हॉट्सॲपच्या संभाषणांचा बॅकअपही जुन्या फोनवरूनच घ्यावा लागतो.

या घाईमागे एक कारण आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. जुना फोन देऊन नवा घेण्याच्या योजनेत जुना फोन त्याच टेबलावर, त्याच क्षणी, मागितला जातो. एका दुकानात माझ्यासमोर एका गृहस्थांचा फोन विक्रेत्याने हातात घेतला आणि ‘द्या, दोन मिनिटांत रीसेट करून देतो’ म्हणत सेटिंग्ज उघडलीसुद्धा. नवा फोन तेव्हा खोक्यातून बाहेरही आलेला नव्हता. अशा वेळी नम्रपणे, पण ठामपणे सांगावे की नवा फोन आधी सुरू करून पाहीन आणि जुना उद्या आणून देईन. उद्याची मुदत चालत नसेल, तर तिथेच बसून सगळे तपासून घ्यावे. रांग लांबली तरी हरकत नाही.

तपासायचे कसे, तेही सांगते. नव्या फोनचे वाय-फाय बंद करा. पुन्हा सांगते, बंद करा, कारण मावशीचा सगळा घोळ या एका बटणाने आदल्या दिवशीच उघड झाला असता. मग कुणाला तरी साधा कॉल करा, त्यांना उलट कॉल करायला सांगा, एक एसएमएस मागवा आणि ब्राउझरमध्ये आधी कधीही न उघडलेले एखादे पान उघडा. येणारा कॉल आवर्जून तपासा. जाणारा लागतो म्हणजे येणाराही लागेल, असे गृहीत धरू नका. दोन सिम असतील, तर इंटरनेटसाठी नेमके कोणते निवडले आहे तेही पाहून घ्या. त्यानंतर बँकेचे ॲप आणि ऑथेंटिकेटर नव्या फोनवर उघडतात याची खात्री करा.

हे सर्व झाले, की मग जुना फोन हातात घ्यावा, आणि तेव्हाही रीसेटच्या आधी एक काम उरते : गुगल किंवा ॲपलच्या खात्यातून त्या फोनवर बाहेर पडणे. आयफोनमध्ये २०१३ पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून चोरीविरोधी कुलूप आहे. खाते न काढता फोन परस्पर पुसला गेला, तर पुढच्या मालकाला तो तुमचाच पासवर्ड मागत राहतो, आणि तोही मग माझ्याच व्हिडिओखाली येऊन विचारतो की ताई, आता काय करू. खाते काढल्यावर ट्रे उघडून त्यात साधे सिम किंवा मेमरी कार्ड राहिलेले नाही ना ते पाहा, आणि मगच रीसेटचे बटण दाबा. या वेळी मात्र ई-सिम पुसण्याच्या त्या चौकोनावर खुशाल खूण करा.