आखाजीचं बी, लाँग वीकेंडची लावणी

(मंडळाच्या वसंत मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं नीट करून.)

नमस्कार मंडळी.

मला 'घरची बाग' या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. बागेबद्दल बोलेनच, पण त्यासाठी गेल्या शनिवारचा दिवस सांगावा लागेल.

मी जळगाव जिल्ह्यातली, शेतकऱ्याच्या घरातली. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात आणि दिवाळीच्या तोडीनं ती साजरी होते. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, पितरांच्या नावानं घागर भरतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो. शेतकऱ्याचं वर्षही त्याच दिवशी पालटतं. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, जुनं साल संपतं, नवं सुरू होतं. त्यामुळे बी हातात घ्यायचा दिवस म्हटलं की मला आखाजीच आठवते.

इथे कॅनडात, मिसिसागात मात्र त्या दिवशी माती हाताला बर्फासारखी लागते. शेजारच्या टोरांटोत हाय पार्कातल्या चेरी फुलल्या की आपल्याला वाटतं, आला वसंत. टोकियोच्या नागरिकांनी 1959 मध्ये टोरांटोला भेट दिलेली ती झाडं. ती थंडीला सरावलेली आहेत, आपलं गिलकं, म्हणजे घोसाळं, नाही. इथले जुने बागवाले सांगतात की नाजूक रोपं व्हिक्टोरिया डेच्या लाँग वीकेंडशिवाय बाहेर लावू नका, म्हणजे 25 मेच्या आधीचा जो सोमवार, त्याच्या आगेमागे. मी सुरुवातीची दोन वर्षं हे ऐकलं नाही आणि दोन्ही वर्षं एका रात्रीच्या गोठलेल्या दवानं सगळे वेल काळे पडले.

मग मला एक गोष्ट सुचली, ती आज तुम्हाला सांगायचीच होती. आखाजी आणि लाँग वीकेंड यांच्यात बहुतेक वर्षी दोन ते चार आठवडे असतात, आणि वेलाच्या रोपाला खिडकीत तयार व्हायला तेवढेच दिवस हवे असतात. म्हणून मी आखाजीला गिलक्याचं बी घरात कागदी कपात लावते आणि लाँग वीकेंडला ते बाहेर जातं. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचं, टोक खाली ठेवून बोटाच्या एका पेराइतकं खोल लावायचं. कप कागदाचाच हवा. गिलक्याच्या मुळाला हलवलेलं खपत नाही, त्यामुळे कपाचा तळ फाडून कपासकट मातीत ठेवायचं. लावण्याआधी आठवडाभर रोपं रोज थोडा वेळ बाहेर सावलीत ठेवायची, नाहीतर उन्हानं पानं पांढरी पडतात.

हे बी मला आपल्या मंडळातल्या एका काकूंनी 19 वर्षांपूर्वी दिलं. त्या आज समोरच बसल्यात, नाव घेऊ नकोस म्हणाल्यात. इथल्या छोट्या उन्हाळ्यात गिलक्याचं बी धरणं सोपं नाही. त्यासाठी वेलाचं पहिलं गिलकं तोडायचं नाही. कितीही कोवळं, कितीही सुंदर दिसलं तरी ते बियासाठी सोडायचं. थंडी पडायच्या आत काढून घरात वाळवायचं, आतून खडखडायला लागलं की काळं बी मिळतं आणि वर आंघोळीची घासणी. काकूंनी हे मला त्यांच्या गराजमध्ये उभं राहून शिकवलं.

तर गेला शनिवार. सकाळी सातला जळगावला फोन लावला. तिथे दुपारचे साडेचार, 43 अंश. इथे 9. दादा ओट्यावर बसला होता, मागे आईची खाट. आई 88 वर्षांची आहे. नातवंडांची नावं तिच्या लक्षात राहत नाहीत, पण मी कॅमेऱ्यासमोर रोपं धरली तशी म्हणाली, "गिलकं आहे. दोन पानं अजून येऊ दे, मग लाव." मी म्हटलं, "आई, आजच लावतेय." ती म्हणाली, "मग संध्याकाळी लाव. उन्हात लावू नको."

दादानं केळीचं सांगितलं, वहिनीच्या गुडघ्याचं सांगितलं, भाचीला कुठे प्रवेश मिळाला ते सांगितलं. फोन ठेवता ठेवता म्हणाला, "यंदा सालदार धरला नाही."

एवढंच. शहरात वाढलेल्या माणसाला यात काही कळणार नाही. मला कळलं. सालदार नाही म्हणजे शेती स्वतः करायची नाही. दादा 71 वर्षांचा आहे. शेत बटाईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला, दिलं होतं. आमच्या आजोबांच्या वेळेपासून त्या सहा एकरांत घरच्या माणसानं नांगर धरला नाही असं एकही वर्ष गेलं नव्हतं. मी विचारलं, "आईला सांगितलंस?" तो म्हणाला, "तिनंच सांगितलं, आता पुरे कर." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या कपांकडे बघत बसले.

आमच्या घरात मोठी बातमी बातमी म्हणून कधी आली नाही. बाबांनी घर सोडून तालुक्याला राहायला जायचं ठरवलं तेव्हा ते इतकंच म्हणाले होते, "विहिरीवरची मोटर काढून आणली." ज्याला कळायचं त्याला कळत असे.

दहा वाजता लेक आणि जावई आले. जावई इथलाच, ऑरेंजव्हिलजवळच्या शेतावर वाढलेला, त्यामुळे कुदळ त्याच्या हातात शोभते. आपल्या भागातली माती चिकण, ओली असेल तर पायाला चिकटते, वाळली की विटेसारखी होते. तिच्यात दर वसंतात मेंढीच्या लेंडीखताच्या पिशव्या आणि पानांचा कुजका भर घालावाच लागतो. त्यानं आळी केली, मी आणि यजमानांनी मांडवाच्या काठ्या रोवल्या. खारी ताजी उकरलेली माती शोधतच असतात, म्हणून प्रत्येक आळ्यावर जाळी. एप्रिलमध्ये स्वयंपाकघरातल्या डब्यातलीच मेथी भिजवून पेरली होती, ती वीतभर झालेली. मेथीला थंडी मानवते. कोथिंबिरीलाही. धणे मात्र आख्खे टाकू नका, चपलेखाली हलके रगडून दोन डाळ्या करून पेरा. एका धण्यात दोन बिया असतात.

दुपारी वरण-बट्टी. जाडसर गव्हाचं पीठ तीन वाट्या, मक्याचं एक वाटी, ओवा, हळद, मीठ, तेलाचं मोहन. गोळे वाफवून, गार झाल्यावर चार तुकडे करून तुपात तळायचे. सोबत घोटलेली वांगी आणि बागेतल्या मेथीची पहिली भाजी. बट्ट्या जावयानं वळल्या. त्या बाजारातल्या बेकरीसारख्या एकसारख्या झाल्या होत्या, माझ्या कधीच होत नाहीत.

आंबट-गोडाला रुबार्बचा, म्हणजे आंबट देठांच्या इथल्या एका भाजीचा, मेथांबा होता. कैरीची आठवण येते त्या दिवसांत इथे नेमकं रुबार्ब तयार असतं, आणि मला वाटतं आपल्यातल्या फार थोड्या जणांनी त्याला फोडणी देऊन पाहिलीय. देठच घ्यायचे, पानं विषारी असतात, ती सरळ कंपोस्टात. कैरी फोडणीत शिजवून मग गूळ घालतो तसं इथे करू नका, रुबार्ब पाच मिनिटांत विरघळतं. आधी मोहरी, हिंग, अर्धा चमचा मेथीदाणे यांची फोडणी, त्यात हळद, तिखट, मग अगदी थोडं पाणी आणि गूळ. पाक दाटला की देठाचे तुकडे घालायचे, दोनदा हलवायचं आणि गॅस बंद. अर्ध्या किलो देठांना मी साधारण 300 ग्रॅम गूळ घेते.

हे रुबार्ब आमच्या विहीणबाईंनी दिलं. लग्नाच्या वर्षी त्यांनी त्यांच्या आईच्या शेतातल्या गड्ड्याचा एक तुकडा मातीसकट बादलीत घालून आणला. पहिल्या वर्षी एकही देठ काढायचा नाही, असं बजावून गेल्या. आता तो गड्डा माझ्या दोन हातांच्या कवेत मावत नाही.

जेवणं झाली, मी भांडी आवरत होते. लेक दारात उभी राहून बागेकडे बघत होती. म्हणाली, "आई, रुबार्ब हलवता येतं का गं?"

मी म्हटलं, "कुठे हलवायचंय?"

"हॅलिफॅक्सला."

पुढे सगळं आलं. पार देशाच्या पूर्व किनाऱ्यावर जावयाची नोकरी, ऑगस्टमध्ये जायचं, घर अजून बघायचंय. मी पुसत असलेलं ताट किती वेळ पुसत होते कोण जाणे. सकाळी दादानं सालदाराचं सांगितलं होतं, दुपारी हिनं रुबार्बचं विचारलं. हिनं जळगावचं शेत चार वेळा पाहिलंय, सालदार म्हणजे काय हे तिला सांगावं लागेल. पण बातमी कशी सांगायची हे तिला कुणी न शिकवता आलं होतं. मला रडूही आलं आणि इतका आनंदही झाला की ते दोन्ही वेगळं काढता येईना.

मी तिला म्हटलं, आत्ता नाही, पानं भरात आहेत. शरदात, पानं वाळली की ये, कुदळीनं गड्डा फोडू, प्रत्येक तुकड्याला एकतरी डोळा ठेवू. ती म्हणाली, "म्हणजे ऑक्टोबरात यावं लागेल." मी म्हटलं, "हो. यावंच लागेल."

गिलकी आम्ही आईनं सांगितल्याप्रमाणे संध्याकाळी लावली. ऊन उतरल्यावर चौघांनी चार. फोटो काढून दादाला पाठवला. तिथे पहाट व्हायची होती, तरी लगेच उत्तर आलं: "आळं अजून रुंद कर." म्हणजे तोही जागाच होता.

आता तुमच्यासाठी. मी 30 बिया लावल्या होत्या, 26 उगवल्या. चार घरी लागली, दोन विहीणबाईंना गेली, उरलेली 20 रोपं मागच्या टेबलावर आहेत. प्रत्येक घरानं एक न्यावं. शेजारी वही ठेवलीय, तिच्यात नाव आणि तुमचं मूळ गाव लिहा. रात्रीचं तापमान 10 अंशांखाली जाणार असेल तर कुंडी घरात घ्या. आधी नर फुलांचे घोस येतील, घाबरू नका, मादी फूल मागून येतं आणि त्याच्या देठाला बोटभर गिलकं आधीपासून असतं. पहिलं गिलकं तोडू नका. ऑक्टोबरात माझी लेक आली की आमच्या गराजमध्ये बी काढायला बसू, तेव्हा तुमचं घेऊन या. काकूंनाही आणणार आहोत.