एकवीस दिवसांची सुई

हात वर करा बघू, लहानपणी घसा धरला म्हणून कमरेत पेनिसिलीन कुणाकुणी घेतलंय? अरे वा, पन्नाशीपुढचे जवळजवळ सगळेच! पुढच्या रांगेतल्या आजी तर अजून कंबर चोळतायत. म्हणजे ती सुई किती दुखते हे मी सांगायला नको.

ऱ्हुमॅटिक तापही तुम्हाला ठाऊक आहे. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूनं घसा धरतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघा सुजतो, तो उतरला की घोटा. घरचे म्हणतात, वाढीचं दुखणं असेल. सांधे बरे होतात, पण जंतूवर उठलेलं शरीर आपल्याच हृदयाच्या झडपांवर उलटलेलं असतं. पुन्हा घसा, पुन्हा ताप, की झडप आणखी चिकटते. ते थांबवायला बेन्झाथीन पेनिसिलीन, १२ लाख युनिट, दर २१ दिवसांनी, वर्षानुवर्षं.

आता एका मुलीचं सांगतो. बीडकडची, चौदा वर्षांची, हाच ताप येऊन गेलेली, आईबाप ऊसतोडीला. दिवाळीनंतर बिऱ्हाड फडावर, एका कोपीत पाच माणसं. एकाचा घसा धरला की सगळ्यांचा धरणार. मी सुईच्या तारखांचं कार्ड लिहून दिलं, हंगामभराच्या औषधाच्या सात कुप्या दिल्या. पहिल्या तारखेला आई तिला घेऊन जवळच्या दवाखान्यात गेली. ‘रिॲक्शन आली तर कोण निस्तरणार?’ म्हणून परत पाठवलं. दुसरीकडे म्हणाले, ज्यानं लिहून दिलंय त्याच्याकडेच जा. तिसऱ्यानं गोळ्या दिल्या. प्रत्येक खेपेला मजुरी बुडाली, वर मुकादमाची बोलणी. पाडव्याला परत आल्या तेव्हा मुलीला आडवं झालं की धाप लागत होती. त्या माउलीनं सातही कुप्या माझ्या टेबलावर मांडल्या. भरलेल्या.

रिॲक्शनची भीती खोटी नाही. पण जीवघेणी रिॲक्शन फार क्वचित येते. रिॲक्शनवरचं औषध, ॲड्रिनलिन, हाताशी ठेवायचं, सुईनंतर रुग्णाला थोडा वेळ बसवून ठेवायचं. औषध दाट असतं, बारीक सुईत अडकतं, म्हणून जाड सुई घ्यायची. बधिर करणारं लिग्नोकेन मिसळलं तर दुखतंही कमी. यात न जमण्यासारखं काय आहे? मला याचा संताप येतो, आज इतक्या वर्षांनीही येतो.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. ‘हा आजार गरीब देशांतच का?’ हा आजच्या भाषणाचा खरा विषय, तो आता पळतच सांगतो. अमेरिकेत, डेन्मार्कमध्ये पेनिसिलीन यायच्या आधीपासूनच तो ओसरत होता. घरातली दाटी कमी झाली, राहणीमान सुधारलं. आफ्रिकेत, दक्षिण आशियात, पॅसिफिक बेटांवर दाटी राहिली, आजारही राहिला. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेनं त्यावर ठराव केला. उत्तर युगांडातल्या एका अभ्यासात इको तपासणीतून, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीतून, सुरुवातीचा, लक्षणं नसलेला आजार असलेली ८१८ मुलं निवडली. निम्म्यांना दोन वर्षं दर चार आठवड्यांनी ही सुई दिली. त्यांच्यात आजार बळावला ०.८ टक्के मुलांत. सुई न मिळालेल्यांत ८.२ टक्के. महागडं यंत्र आजार शोधायला लागलं, थांबवायला ही जुनी सुईच पुरली.

त्या मुलीची चिकटलेली झडप पुढे नळीतून घातलेल्या फुग्यानं उघडली. आता हंगामाआधी मी फडाजवळच्या उपकेंद्रातल्या सिस्टरना फोन करून तारखा ठरवतो. सभागृहात आरोग्य केंद्रात काम करणारे जे कोणी असतील, त्यांनी जाण्याआधी मला भेटा. कार्डांचा गठ्ठा सोबत आणलाय.