घराच्या उताऱ्यावर तिचे नाव

श्रोतेहो, नमस्कार.

गेली २२ वर्षे मी एका स्वयंसेवी संस्थेच्या कुटुंब सल्ला केंद्रात काम करते आहे. या काळात केंद्राच्या नोंदवहीत मी स्वतःच्या हाताने सर्वांत जास्त वेळा लिहिलेले वाक्य अवघ्या तीन शब्दांचे आहे : 'नीघ माझ्या घरातून.' बाई शिकलेली असो वा अंगठा उठवणारी असो, शेतमजूर असो वा शिक्षिका असो, तिची हकिकत केव्हा ना केव्हा या वाक्यापाशी येतेच. मारहाणीचे वळ काही दिवसांनी उतरतात. पण रात्री अकरा वाजता नेसत्या साडीनिशी, लेकराला पोटाशी धरून दाराबाहेर उभ्या राहिलेल्या बाईच्या मनात एक गोष्ट कायमची बसते, की आपण या घरात दुसऱ्याच्या मर्जीने राहतो आहोत. पुढच्या वेळी तोंड उघडण्याआधी तिला तो उंबरठा आठवतो आणि ती गप्प बसते. म्हणून आज मी एका कागदाबद्दल बोलणार आहे. ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८, म्हणजे ज्याला आपण घराचा उतारा म्हणतो, तो कागद. पुन्हा सांगते, नमुना नंबर ८.

मराठवाड्यातल्या ज्या गावात ही हकिकत घडली, त्या गावाचे नाव मी सांगणार नाही, कारण ती बाई आजही त्याच घरात राहते. तालुक्याच्या गावातले आमचे केंद्र बाजाराच्या दिवशी उघडे असते, आणि ते मुद्दाम तसे ठेवलेले आहे. बाजाराच्या दिवशी घराबाहेर पडलेल्या बाईला 'कुठे निघालीस' असे कोणी विचारत नाही. अशाच एका मंगळवारी ती आली. हातातल्या पिशवीत वर मेथीच्या दोन जुड्या होत्या आणि मेथीखाली एक पितळी तांब्या होता. खुर्चीवर बसल्याबसल्या तिने तो तांब्या काढून माझ्या टेबलावर ठेवला. त्याचा काठ एका बाजूने चेपलेला होता, कारण आदल्या रात्री इतर भांड्यांबरोबर तोही अंगणात भिरकावला गेला होता. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेले होते : तिचे माहेरचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि लग्नाची तारीख. त्या अक्षरांवरून बोट फिरवत ती म्हणाली, "ताई, त्या घरात माझं नाव एवढ्यावरच हाय. अन् ते बी माहेरचं."

आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्याकडून नवे नाव लिहून घेऊन मुलीचे पहिले नावही बदलण्याची जी पद्धत अजून अनेक घरांत आहे, ती आता बंद व्हावी असे माझे स्पष्ट मत आहे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि मतदार यादीत दुसरे, यामुळे ऐन गरजेच्या वेळी बाईला ती तीच आहे हे सिद्ध करत फिरावे लागते. हिच्याही बाबतीत पुढे तसेच झाले, आणि प्रतिज्ञापत्र करण्यात आमचे दोन बाजार गेले.

मी तिला पोलिसांत तक्रार करण्याबद्दल विचारले. ती नको म्हणाली. नवऱ्याला तुरुंगात पाठवावे अशी तिची इच्छा नव्हती. "रातच्याला कुणी भायेर काढू नये, एवढंच बघा," असे ती म्हणाली. त्याच्या दोन-तीन महिने आधी आम्ही तिच्या गावात 'घर दोघांचे' या विषयावर सभा घेतली होती. घराच्या नोंदीत पतीबरोबर पत्नीचेही नाव लावावे, असा निर्णय ग्रामविकास विभागाने २००३ साली घेतला, तो आम्ही त्या सभेत वाचून दाखवला होता. ती सभेला आलेली नव्हती, पण पाण्यावर गेली असता तिने त्याबद्दल ऐकले होते, आणि तेवढ्या ऐकीव माहितीवर ती आमच्याकडे आली होती.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकांनी लाल कापडाच्या पुठ्ठ्याची नोंदवही काढली, घराचा क्रमांक शोधला आणि ते काही वेळ पानाकडे पाहतच राहिले. श्रोतेहो, त्या घराच्या उताऱ्यावर तिचे नाव नव्हते, हे तर आम्हांला ठाऊकच होते. पण त्यावर तिच्या नवऱ्याचेही नाव नव्हते. तिथे तिच्या सासऱ्यांचे नाव होते, आणि ते जाऊन नऊ वर्षे झाली होती. वारसांची नोंद कोणी केलेलीच नव्हती. चौदा वर्षे जो माणूस 'माझ्या घरातून नीघ' म्हणत होता, त्याचे नाव त्या घराच्या कागदावर कुठेही नव्हते.

सासऱ्यांनी ते घर स्वतः बांधलेले होते आणि मृत्युपत्र केलेले नव्हते. अशा वेळी हिंदू वारसा कायद्याप्रमाणे विधवा पत्नी, मुलगा आणि मुलगी या सर्वांचा सारखा हिस्सा असतो. मुलगी लग्न होऊन गेलेली असली तरी असतो, हे मी मुद्दाम सांगते, कारण राखीच्या किंवा भाऊबीजेच्या ओवाळणीची आठवण करून देऊन बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याचा जो प्रकार चालतो, तो मला अतिशय दुःखद वाटतो. तर वारस तीन होते : सासूबाई, नवरा आणि नणंद. ग्रामसेवक म्हणाले की सासूबाईंना बोलवावे लागेल.

सासूबाई आल्या त्या भांडायलाच आल्या. सुनेने घराची अब्रू चावडीवर आणली, एवढे त्यांनी उभ्याउभ्या ऐकवले. ग्रामसेवकांनी त्यांना बसायला सांगून मयताचे नाव विचारले. सासूबाई थांबल्या. पन्नास वर्षांच्या संसारात उखाण्यापलीकडे त्यांनी ते नाव कधी उच्चारले नव्हते. त्यांनी बरोबर आलेल्या नातवाकडे पाहिले आणि नातवाने आजोबांचे नाव सांगितले. मग ग्रामसेवकांनी विचारले, "आणि तुमचं?" सासूबाईंनी स्वतःचे नाव सांगितले. ते इतक्या हळू सांगितले की त्यांना ते पुन्हा सांगावे लागले. ग्रामसेवकांनी ते एका कोऱ्या कागदावर सर्वांत वर लिहिले आणि सर्वांना वाचून दाखवले.

त्या नावाकडे पाहत त्या बराच वेळ बसून राहिल्या. नंतर त्यांनी मला विचारले, "ह्यात माझं नाव लागलं, म्हंजी मला बी कुणी काढू शकत नाही का?" मी म्हटले, नाही काढू शकत. तेव्हा त्यांनी सुनेकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत सांगितले, की थोरला पोटात असताना त्यांनी आषाढातल्या तीन रात्री गोठ्यात काढल्या होत्या, बैलाच्या पाठीशी बसून, आणि दार लावून घेणारा माणूस तोच होता, ज्याचे नाव त्यांनी आत्ता घेतले नव्हते. हे सुनेला माहीत नव्हते. ही गोष्ट त्यांनी चाळीस वर्षांत कोणालाच सांगितली नव्हती. मग त्या ग्रामसेवकांना म्हणाल्या, "हिचं बी लावा. पोराच्या हिश्शात हिचं बी लावा."

नवरा चिडला, ग्रामपंचायतीत येऊन बोलून गेला, पण आईसमोर त्याचे चालले नाही. नणंदेला आम्ही फोन करून बोलावून घेतले. तीही आली आणि तिने हक्क सोडला नाही. मासिक सभेत ठराव झाला आणि उताऱ्यावर चार नावे लागली. काही महिन्यांनी तो एका रात्री पुन्हा पिऊन आला आणि सवयीप्रमाणे म्हणाला, "नीघ माझ्या घरातून." तेव्हा आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "कुणाच्या घरातून?"

तेवढ्याने सगळे सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. त्यानंतरही त्याने एकदा हात उचलला. त्या वेळी ती केंद्राची वाट न पाहता स्वतः कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेली आणि तिने न्यायालयाकडून संरक्षण आदेश मिळवला. पण घराबाहेर मात्र ती पुन्हा एकदाही काढली गेली नाही.

आता थोडे कायद्याबद्दल सांगते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याचा मसुदा घडवण्यात महिला संघटनांचा आणि ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांच्या लॉयर्स कलेक्टिव्ह या वकिलांच्या संस्थेचा मोठा वाटा होता. या कायद्याचे कलम १७ असे सांगते, की ज्या घरात बाई कौटुंबिक नात्याने राहते, त्या घरावर तिचे नाव असो वा नसो, तिला तिथे राहण्याचा हक्क आहे. नाव असो वा नसो, हे शब्द नीट लक्षात ठेवावेत. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असले तरी ते तिचे सामायिक घर, म्हणजे तिला राहण्याचा हक्क असलेले घर, असू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० रोजी स्पष्ट केले आहे. अर्ज दाखल झाल्यावर पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत मिळावी आणि साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असेही कायद्यात लिहिले आहे. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि बाई मजुरी बुडवून खेटे घालते, ही आमची जुनी तक्रार आहे.

मग कायद्याने राहण्याचा हक्क दिलेलाच असताना उताऱ्यावर नाव हवे कशाला, असे कोणी विचारील. याचे उत्तर देताना मी केरळमधल्या एका अभ्यासाचा आधार घेते. प्रदीप पांडा आणि बीना अग्रवाल यांनी तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या ५०२ विवाहित स्त्रियांचा अभ्यास करून तो २००५ साली प्रसिद्ध केला. ज्यांच्या नावावर जमीनही नव्हती आणि घरही नव्हते, अशा स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांना दीर्घकाळ शारीरिक हिंसा सोसावी लागली होती. फक्त जमीन नावावर असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होते, फक्त घर असलेल्यांत १० टक्के आणि दोन्ही असलेल्यांत ७ टक्के. काहीच नसलेल्या ४९ टक्के आणि दोन्ही असलेल्या ७ टक्के, हा फरक मी पुन्हा सांगितला, कारण तो ऐकून सोडून देण्यासारखा नाही. घर नावावर असलेल्या बाईला जायला जागा असते, आणि ती जाऊ शकते हे नवऱ्यालाही माहीत असते.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. शेतकरी संघटनेच्या १९८६ सालच्या चांदवड अधिवेशनाला लाखो बाया जमल्या होत्या, आणि त्यानंतर काही वर्षांतच लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांत पुरुषांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन करून दिली. त्यांपैकी कोणाच्या घराचे काही वाईट झाले, असे माझ्या ऐकिवात नाही. आजही गावात सभा घेतली की पुरुषांकडून येणारा पहिला प्रश्न, 'नाव लावलं आणि ती सोडून गेली तर?' हा असतो. जिला चौदा वर्षे घरातून काढले जात होते, ती बाई तिथेच राहू द्या म्हणत आमच्याकडे आली होती, हे मी त्यांना दर वेळी सांगते.

तर श्रोतेहो, आपल्या घरकराची पावती काढून पाहावी. त्यावर कोणाचे नाव आहे, ते मोठ्याने वाचावे. गेलेल्या माणसाचे असेल, तर वारस नोंदीसाठी अर्ज करावा आणि मुलींची नावे गाळू नयेत. एकट्या नवऱ्याचे असेल, तर दोघांनी मिळून ग्रामपंचायतीत सहनोंदीचा अर्ज द्यावा. एक मात्र ध्यानात असावे : नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, तो मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, म्हणून नवीन घर, प्लॉट किंवा शेत घेताना खरेदीखतावरच दोघांची नावे घालून घ्यावीत. आणि ही अर्जांची वाट पाहण्याइतकी सवड ज्या बाईला नाही, जिला आज रात्रीच कोणी बाहेर काढले आहे, तिने किंवा तिच्या शेजारणीने १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करावा. धोका समोर उभा असेल तर ११२. वकिलाची मदत बाईला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळते. हेल्पलाइनचा क्रमांक पुन्हा सांगते, एक, आठ, एक.

तो पितळी तांब्या तिने काठ ठोकून सरळ करून घेतला आहे. मागच्या खेपेला मी तिच्या घरी गेले, तेव्हा तिने मला त्यातूनच पाणी दिले.

नमस्कार.