रातांधळी मुलं आणि उल्लेखांचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या नाशिकला, म्हसरूळला, आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. त्यामुळे डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांच्या गप्पा इथे चहाच्या टपरीवरही कानावर पडतात. हल्ली त्यात एक प्रश्न हमखास असतो, "सरांचा एच-इंडेक्स किती?" आज त्याच आकड्याबद्दल बोलायचंय, डोळ्यांच्या एका डॉक्टरांच्या निमित्तानं.

आकडा आधी उरकून घेते. 2005 साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं तो सुचवला. तुमचे 20 शोधनिबंध असे आहेत, की प्रत्येकाचा उल्लेख इतरांनी निदान 20 वेळा केलाय. मग तुमचा एच-इंडेक्स 20. पुन्हा सांगते, 20 निबंध, प्रत्येकाचे निदान 20 उल्लेख, आकडा 20. गंमत अशी की, आयुष्यात एकच निबंध लिहिलात आणि त्याचा हजारदा उल्लेख झाला, तरी तुमचा आकडा फक्त 1!

आता आल्फ्रेड सोमर यांची गोष्ट. हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले नेत्रतज्ज्ञ, आणि साथीच्या रोगांचेही अभ्यासक. 1970च्या दशकात ते इंडोनेशियात गेले ते लहान मुलांचं अंधत्व अभ्यासायला. अ जीवनसत्त्व कमी पडलं की आधी रातांधळेपणा येतो, मग बुबुळाशेजारी पांढऱ्या भागावर फेसाळ ठिपका दिसतो, आणि दुर्लक्ष झालं तर बुबुळ मऊ पडून डोळाच जातो. जावा बेटावरच्या खेड्यांत साधारण साडेतीन हजार मुलं दर तीन महिन्यांनी तपासायची, असं दीड वर्ष चाललं. पोर दिवेलागणीला अडखळतं का, हे आईला विचारायचं. आईचं उत्तर हीच तपासणी, आणि ती भरवशाची ठरली. (आईला कळतंच हो. तरी दवाखान्यात तिला गप्प बसवणारे कमी नाहीत.)

सोमर मायदेशी परतले. 1982च्या अखेरीस त्या नोंदी पुन्हा चाळत बसले होते. प्रश्न डोळ्यांचाच होता: कुणाची नजर सुधारली, कुणाची बिघडली? पण तक्त्यात पुढे पुढे जावं तशी रातांधळी मुलं कमी कमी होत होती. बरी झाली म्हणावं, तर तशीही नोंद नाही. गेली कुठे मग?

ती मुलं वारली होती.

हिशेब मांडला तेव्हा दिसलं, की नुसता रातांधळेपणा किंवा तो फेसाळ ठिपका असलेली मुलं इतरांच्या सरासरी चौपट प्रमाणात दगावत होती. चौपट, श्रोतेहो! आणि तीही अशी मुलं, ज्यांचा आजार सौम्य म्हणून सोडून देत असत. आतड्याचं आणि श्वासनलिकेचं अस्तर शाबूत राहायला अ जीवनसत्त्व लागतं, आजाराशी झुंजायलाही लागतं. ते नसेल तर गोवर किंवा जुलाबही जिवावर बेततो. डोळा फक्त आधी बोलतो.

1983 साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आणि पुढे? पुढे शांतता. कुणी वाद घालायलासुद्धा आलं नाही. त्या वर्षी उल्लेख मोजायला बसला असतात, तर हा माणूस काही विशेष नाही असंच म्हणाला असतात.

सोमर पुन्हा इंडोनेशियाला वळले. सुमात्रा बेटावरच्या आचे प्रांतातली 450 गावं, जवळपास 26 हजार मुलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गावं निवडली. निम्म्या गावांत सहा महिन्यांच्या अंतरानं अ जीवनसत्त्वाचे दोन मोठे डोस दिले. 1986 साली निकाल आला, डोसवाल्या गावांत बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी. मग मात्र सगळे जागे झाले. दुसऱ्या गावांना खोटं औषध का दिलं नाही, डोळ्यांच्या डॉक्टरनं बालमृत्यूत का पडावं, असं बरंच काही. 1990 साली तमिळनाडूत मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचं दिसलं, तर त्याच वर्षी हैदराबादच्या अभ्यासात काहीच फरक दिसला नाही. 1997 साली सोमर यांना वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला. आणि 2013 साली उत्तर प्रदेशातल्या दहा लाख मुलांवरच्या अभ्यासात फरक निघाला जेमतेम चार टक्के!

आपल्याकडे नवव्या महिन्यात एक लाख युनिट, मग दर सहा महिन्यांनी दोन लाख, पाच वर्षांचं होईपर्यंत, असा हा डोस अजून चालू आहे. आणि डोस मिळाला म्हणून ताटातली पालेभाजी सुटत नाही. पेठ-सुरगाण्याकडे शेवगा दारोदार आहे, पण त्याचा पाला खायचा म्हटलं की नाकं मुरडायची, आणि तोच वाळवून डबीत भरून 'मोरिंगा' म्हटलं की कॉलेज रोडवर रांग लावायची! आणि तेलाची फोडणी हवीच. तेलाशिवाय हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही. असो.

तर मुद्दा उल्लेखांचा. बाजूनं लिहिणाऱ्यानं सोमर यांचा निबंध उद्धृत केला, तो एक. चुकीचं आहे म्हणणाऱ्यानं केला, तोही एकच. भांडण आणि मान, दोन्ही एकाच रकान्यात. त्यात डोळ्यांचं क्षेत्र लहान. कर्करोगावर जितके लोक लिहितात तितके यावर लिहीत नाहीत, मग उल्लेख कुठून येणार? तरीही नेमणुकीच्या वेळी डोळ्यांवर लिहिणाऱ्याचा आणि कर्करोगावर लिहिणाऱ्याचा आकडा शेजारी शेजारी ठेवणारे ठेवतातच.

असाच उल्लेखांवरून काढलेला दुसरा आकडा म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर, त्याचं सांगायचं राहिलं. तो नियतकालिकाचा असतो, लेखकाचा नव्हे, इतकं आजपुरतं लक्षात ठेवा. नमस्कार.